तिसऱ्या धबधब्यावरून परत: नेपाळमधलं आमचं कॅन्यनिंग

ओवीची बारावीची परीक्षा संपली त्याच दुपारी तिने लॅपटॉप आणून माझ्यासमोर ठेवला. "आई, हे बघ. प्लीज, लगेच नाही म्हणू नकोस यार."

आईला 'यार' म्हणायची सवय दिल्लीची. त्यावरून टोकणं मी कधीच सोडून दिलंय. स्क्रीनवर धबधब्याच्या मधोमध दोराला लटकलेली एक बाई होती आणि ती चक्क हसत होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नेपाळमध्ये कॅन्यनिंग, दोन दिवस, दोन ठिकाणी. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी. पोहता येण्याची गरज नाही. दर सहा जणांमागे एक प्रशिक्षित गाइड.

कॅन्यनिंग म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. डोंगरातला ओढा ज्या घळीतून खाली येतो, त्याच घळीतून आपणही उतरायचं. धबधबा आला की दोरावरून, डोह आला की उडी मारून, गुळगुळीत कातळ आला की घसरगुंडी करून. "डोह म्हणजे?" ओवीने विचारलं. दिल्लीत वाढलेल्या मुलीला डोह कुठून माहीत असणार! "ओढ्यातली खोल जागा," मी म्हटलं. मला पोहता येत नाही. माझं वय सेहेचाळीस.

शिरीष, म्हणजे माझा नवरा, सोफ्यावरून म्हणाला, "मेधा, ऑफिसची लिफ्ट बंद असली की तू तळमजल्यावरच्या कॅफेत बसून काम करतेस. तू धबधबा उतरणार?"

त्याने हे म्हटलं नसतं तर कदाचित मी गेले नसते.

आधीच सांगते, ही पोस्ट मी रागाने लिहितेय. पण राग कॅन्यनिंगवर नाही. ते जमलं तर जरूर करा. फक्त हे वाचून मग पैसे भरा.

सहल नेणारी कंपनी गुडगावची. माझ्या ऑफिसपासून चार इमारती पलीकडे, तशाच काचेच्या एका टॉवरमध्ये तिचं ऑफिस. आजूबाजूला नव्या सोसायट्या, प्रत्येकीला परदेशातल्या कुठल्यातरी गावाचं नाव, आणि मधले रस्ते मात्र अजून व्हायचे होते. कंपनीचा मालक गौरव, पस्तिशीचा. आधी बँकेत होता, मग 'पॅशन फॉलो' करायला नोकरी सोडली, असं त्यानेच सांगितलं. "मैम, बिल्कुल टेन्शन मत लीजिए. मेरी मम्मी भी कर लेंगी." ग्रुप चौदा जणांचा होता, बहुतेक सगळे गुडगावच्या एकाच सोसायटीतले. मयूर विहारच्या आम्ही दोघीच.

कामाच्या गोष्टी आधी. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. भारतीय रुपयांतल्या फक्त शंभरच्या किंवा त्याहून लहान नोटा न्या; त्याहून मोठ्या तिथे घेत नाहीत. दिल्लीहून काठमांडूला जाताना विमानात डावीकडची खिडकी मागून घ्या. आम्हाला ती मिळाली होती आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं ओवी खिडकीला नाक लावून बसली होती, इतका हिमालय दिसत होता.

काठमांडूहून पोखरा जेमतेम दोनशे किलोमीटर, पण बसने आठ तास धरून चाला. एकापाठोपाठ एक वळणं, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला ट्रकची रांग. वाटेत एका ढाब्यावर दाल-भात जेवलो. भात, डाळ, पालेभाजी, मुळ्याचं लोणचं. हात थांबला की वाढणारी बाई पुन्हा डाळ घालून जाते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आमच्या ग्रुपमधले खन्नाजी, सोसायटीचे सेक्रेटरी, तिथे पनीर मागत होते. नाही म्हटल्यावर ते गौरवला सगळ्यांसमोर म्हणाले, "यार, इतने पैसे दिए हैं, और ये खिला रहे हो?" मला तेव्हा हसू आलं होतं. हे वाक्य पुढे कुठे ऐकायला मिळणार आहे, याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोखऱ्याबाहेरच्या एका गावात आमचे गाइड भेटले. दोघंच. चौदा जणांमागे दोन. मी गौरवला विचारलं, "सहा के पीछे एक बोला था ना?" तो म्हणाला, "मैं हूँ ना तीसरा." त्याने स्वतः कॅन्यनिंग किती वेळा केलं होतं, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मुख्य गाइड सरिता. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बुटकी, रुंद खांद्यांची, केस घट्ट बांधलेले. तिचं माहेर त्याच डोंगरात, चार वर्षांची मुलगी आईपाशी ठेवून ती कामाला येते. दुसरे मानबहादुर, पन्नाशीचे, अतिशय कमी बोलणारे; त्यांना सगळे दाइ, म्हणजे दादा, म्हणत. सरिता आल्या आल्या प्रत्येकाच्या कमरेचा हार्नेस स्वतः ओढून बघत होती. हार्नेस म्हणजे मांड्या आणि कंबर यांना बांधायचा पट्टा. त्याला आठच्या आकड्यासारखी एक कडी अडकवतात आणि तिच्यातून दोर सरकतो.

"दायाँ हात कमर के नीचे," ती म्हणाली. "मक्खी काटे, माँ बुलाए, पानी मुँह पर आए, ये हात छोड़ना नहीं है."

पहिला धबधबा दोन मजली इमारतीएवढा. कड्याच्या टोकाशी दरीकडे पाठ करून उभी राहिले. "पीछे बैठो दिदी, जैसे कुर्सी पर," सरिता म्हणाली. मी बसले. खुर्ची नव्हती, पण दोराने धरलं. पाणी हेल्मेटवर आदळत होतं, कानात नुसता गडगडाट, आणि पायाखालचा कातळ शेवाळाने साबणासारखा. अर्ध्यात पाय सुटला, मी भिंतीवर आपटले, कोपर खरचटलं. उजवा हात मात्र सोडला नाही. खाली उतरले तेव्हा ओवी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होती. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मी इतकी खूश दिसत नाही, असं तिने नंतर फोटो बघून सांगितलं.

त्या दिवशी पाच धबधबे उतरलो. लाइफ जॅकेट असल्यामुळे डोहातही पडले, सरिताने हात धरून काठाला आणलं. ओवीचा गुडघा कातळावर घासून सोलवटला होता. सरिताने तो धुऊन, मलम लावून, संध्याकाळी पुन्हा एकदा उघडून बघितला. त्या दिवसात एकही गोष्ट वाईट नव्हती. हे मुद्दाम लिहितेय. कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की मेधाताई घाबरट आहेत.

तिसरा दिवस मोठ्या घळीचा. आदल्या संध्याकाळी सरिताने स्पष्ट सांगितलं होतं: "सुबह छह बजे निकलना है. मई में दोपहर को ऊपर बादल आता है."

साडेपाचला आम्ही दोघी आणि आणखी तिघंजण हॉटेलच्या दारात तयार होतो. सरिता आणि मानबहादुर दोरांच्या पिशव्या घेऊन जीपपाशी. बाकी कुणी नाही. साडेसातला पहिली माणसं उगवली, मग त्यांना आलूचे पराठे हवे होते, मग एकाचा बूट सापडेना. सरिता दोनदा गौरवकडे गेली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "अरे, क्लाएंट हैं, छुट्टी पर आए हैं, थोड़ा तो समझो." आम्ही निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते.

तासभर जीप, मग पाऊण तास चढ. घळीच्या तोंडाशी लख्ख ऊन होतं. वर डोंगराच्या माथ्यावर मात्र काळपट ढगाची एक पट्टी. सरिता तिकडे बघत होती, मी सरिताकडे बघत होते, आणि गौरव सगळ्यांचा ग्रुप फोटो काढत होता.

पहिला धबधबा उतरलो. दुसरा उतरलो. प्रत्येक ठिकाणी चौदा जणांना एकेक करून उतरवायचं, म्हणजे तासाच्या वर वेळ. तिसरा उतरून एका रुंद कातळावर सगळे टेकलो. खजूर, बिस्किटं निघाली. इथून घळ अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, आणि पुढचे चार धबधबे संपेपर्यंत बाहेर पडायला जागा नाही. या कातळावरून मात्र उजव्या अंगाने झाडीतून वर जायची एक पायवाट आहे. हे सगळं सरिताने सकाळी जमिनीवर काडीने रेघा काढून समजावलं होतं. किती जणांनी ऐकलं कोण जाणे.

मी पाण्यात पाय सोडून बसले होते. आधी एक हिरवी फांदी आली. मग पाचोळा. मग माझ्या लक्षात आलं, मला पाण्यातली माझी पावलं दिसेनाशी झालीत. मघापर्यंत काचेसारखं असलेलं पाणी फिक्या चहासारखं झालं होतं.

सरिताही तेच बघत होती. तिने वाकून काठाच्या कातळावर पाण्यापासून वर ओळीने तीन दगड ठेवले, घड्याळ बघितलं. जेमतेम दहा मिनिटांत खालचा दगड बुडाला. ती उठली.

"सब लोग बात सुनो. ऊपर बारिश हुआ है. पानी बढ़ रहा है. यहाँ से हम बाहर जाएँगे. अभी."

 मग गौरव हसला. "सरिता, धूप निकली हुई है यार."

"यहाँ धूप है. पानी ऊपर से आता है."

"कितना बढ़ा है? दो इंच?"

"दो इंच में निकलना है, सर. दो फुट में निकल नहीं सकते."

खन्नाजी खजुराची बी पाण्यात टाकत म्हणाले, "देखो बेटा, हमने आज के पूरे सात वॉटरफॉल के पैसे दिए हैं. कराए सिर्फ़ तीन. ये क्या बात हुई?"

"मेरे को मालूम है, सर."

"मालूम है तो कराओ ना." मग गौरवकडे वळून, जणू ती तिथे नाहीच अशा आवाजात, "लड़की को हेड गाइड बनाओगे तो यही होगा. डर गई है."

सरिताचा चेहरा तांबडा झाला. ती दोर गुंडाळत राहिली.

आणि आता माझं सांगते, कारण दुसऱ्यांची लक्तरं काढून स्वतः नामानिराळं राहणं मला जमणार नाही. मी चहासारखं पाणी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. दगड बुडताना बघितला होता. शेजारी ओवी ताडकन उभी राहून म्हणाली, "मैं नीचे नहीं जाऊँगी. दीदी सही बोल रही हैं." आणि मी, तिची आई, तिच्या दंडाला धरून काय म्हणाले असेन? "ओवी, थांब जरा. बघू या सगळे काय म्हणतात."

सगळे काय म्हणतात! ग्रुपमधली सगळ्यांत वयस्कर बाई मी, पोहता न येणारी मी. 'मेधाजीमुळे ट्रिप अर्धवट राहिली' असं कुणी म्हणू नये, एवढीच मला काळजी. ओवीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी इथे वर्णन करणार नाही.

गौरव आता मानबहादुरांकडे वळला होता. "दाइ, आप ले चलो. आप सीनियर हो. इसको छोड़ो."

मानबहादुरांनी पाण्याकडे बघितलं, सरिताकडे बघितलं. खालच्या धबधब्यासाठी त्यांनी दोर आधीच लावून ठेवला होता. ते शांतपणे कड्याच्या टोकाशी गेले, दोर वर ओढून घेतला, पिशवीत भरला आणि पिशवी पाठीवर टाकून पायवाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.  दोर नाही म्हटल्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चढ तासाभराचा होता. पायवाट म्हणण्यापेक्षा मुळांना धरधरून वर जाणं. जळवा. ओले बूट. संपूर्ण चढभर मागून खन्नाजींचा आवाज येत होता: कन्झ्युमर कोर्ट, रिव्ह्यू, रिफंड. सरिता सगळ्यांत शेवटी होती. खन्नाजींना दम लागला तेव्हा त्यांची पिशवी तिनेच घेतली, हेही लिहून ठेवते.

अर्धा चढ झाला असेल. आधी वाटलं, वर रस्त्यावरून ट्रक जातोय. पण आवाज खालून येत होता आणि थांबत नव्हता. झाडीतल्या एका मोकळ्या जागेवरून खाली घळ दिसत होती. आम्ही खजूर खात बसलो होतो तो कातळ मी शोधत होते. तो नव्हता. तिथे तपकिरी पाणी होतं, मधूनच एखादा ओंडका उभा राहून पुन्हा आत जात होता. खालच्या अरुंद घळीत काय चाललं असेल, ते फक्त ऐकू येत होतं. आम्ही उतरलो असतो तर तेव्हा निम्मे पुढच्या दोरावर आणि निम्मे खाली त्या भिंतींमध्ये असतो.

 एकीने रडायला सुरुवात केली. ओवी सरिताच्या गळ्यात पडली. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. खन्नाजी बोलतील, निदान गौरव. आता सांगायला लाज वाटते, मीही दुसऱ्या कुणीतरी बोलण्याचीच वाट बघत होते.

खन्नाजींनी फोन काढून व्हिडिओ घेतला. गौरव म्हणाला, "चलो चलो, लंच लेट हो रहा है."

मी सरिताला 'थँक यू' म्हटलं ते जीपपाशी, सगळे पुढे गेल्यावर, हळू आवाजात. तिने मला तिचं कार्ड दिलं आणि म्हणाली, "पानी नीचे जाए तब आना दिदी. वो नीचे वाला बहुत सुंदर है."

परतीचा प्रवास पाल्हाळ न लावता सांगते: बस, काठमांडू, विमान, उकाडा, मयूर विहार. शिरीष विमानतळावर आला होता. ओवीने गाडीतच सगळं सांगून टाकलं, माझ्या 'बघू या'सकट. शिरीषने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि तो गाडी चालवत राहिला. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दोन आठवड्यांनी गौरवचा सगळ्यांना मेल आला. आपल्या प्रतिक्रिया आम्ही गंभीरपणे घेतल्या आहेत, गैरसोयीबद्दल क्षमस्व, पुढच्या ट्रिपसाठी अधिक अनुभवी गाइड नेमत आहोत. पुढच्या मोसमात वीस टक्के सूट. खाली एका प्रवासाच्या साइटची लिंक. तिथे आमच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी लिहिलं होतं: महिला गाइड पॅनिक झाली, चार धबधबे बुडाले, स्वभाव उर्मट. दोन स्टार.

चार धबधबे बुडाले! हो, बुडाले. अक्षरशः.

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन कार्डवरचा नंबर लावला. सरिताने पहिला प्रश्न विचारला, "बहिनी का घुटना ठीक है?" ओवीचा गुडघा. मग मी विचारलं तेव्हा सांगितलं, हो, त्या दिल्लीवाल्यांकडून मिळणारं तिचं काम गेलं. मानबहादुर दाइंचंही. काम देणारे दुसरे लोक आहेत, कमी आहेत, पण आहेत. मी माफी मागायला लागले, त्या वेळी मी बोलायला हवं होतं वगैरे. ती थोडा वेळ ऐकून घेऊन हसली. "दिदी, आप बोलते तो अच्छा लगता. लेकिन जाना तो ऊपर ही था. रस्सी हमारे पास था ना."

मी त्या साइटवर माझं म्हणणं लिहिलं. 'तपासणीत आहे' असा शेरा तीन आठवडे दिसत राहिला. मग कळलं, रविवारी सकाळी खन्नाजींच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पुढच्या ट्रिपचं प्रेझेंटेशन आहे. ओवी म्हणाली, "चलो."

राजीव चौकला मेट्रो बदलली, पुढे रिक्षा. क्लबहाउसमध्ये तीस-चाळीस लोक, लहान समोसे, मोठा पडदा. पडद्यावर पहिल्या धबधब्याखाली ओवीचा हसरा फोटो, आणि त्याच्यावर लिहिलेलं, 'हंड्रेड पर्सेंट सेफ्टी रेकॉर्ड'. कुणी आम्हाला विचारलंही नव्हतं.

गौरवने 'कोई सवाल?' विचारल्यावर मी उभी राहिले. माझं हिंदी रागात मराठी होतं, तसं ते झालंच. पण सगळं सांगितलं. चौदांना दोन गाइड, साडेनऊला निघणं, बुडालेला दगड, कातळ. सरिता आणि मानबहादुर ही नावं घेऊन सांगितलं. खन्नाजी पहिल्या रांगेत समोशाची बशी धरून बसले होते, त्यांच्याकडे बघूनही सांगितलं.

गौरव हसतच होता. "मैम, मैं आपकी फीलिंग्ज़ समझता हूँ. लेकिन एंड ऑफ द डे, किसी को कुछ हुआ तो नहीं ना?"

"नाही झालं," मी म्हटलं, मराठीतच. मग हिंदीत, "क्योंकि उसने होने नहीं दिया. और आपने उसी को निकाल दिया."

"और मेरी फोटो हटाइए," ओवी बसल्या जागेवरून म्हणाली. "अभी."

फोटो हटला. प्रेझेंटेशन लवकर आटोपलं. बाहेर दोन बायकांनी मला गाठून सरिताचा नंबर घेतला. त्यातली एक ऑक्टोबरात जातेय, थेट तिच्याशी बोलून. तुम्हाला जायचं असेल तर मला मेल करा, तिला विचारून तिचा नंबर कळवीन. कुणाहीकडून जा, पण आधी विचारा: किती जणांमागे किती गाइड? मधून बाहेर पडायच्या वाटा कुठे? आणि थांबायचं की नाही, हे कोण ठरवणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'गाइड' असं येत नसेल, तर पैसे भरू नका.

परत येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर जरा खूश होते. ओवीला म्हटलं, "बोलले की नाही?"

"बोललीस," ती म्हणाली.  "पण आई, इथे इझी होतं. तिथे बोलायला हवं होतंस."

मी हो म्हटलं.